डॉ. आनंदीबाई जोशी व मावशींचे घर

गोपाळराव जोशी यांचे पत्र एका मिशनरी नियतकालिकात वाचून अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. इ. स. १८८३ चा उन्हाळा त्यांनी मावशींच्या रोसेल येथील घरी, मुलाबाळांत आनंदाने घालविला. पुढे फिलाडेल्फियाची कडक थंडी, धुराने कोंदणारी खोली व डोकेदुखी यांनी प्रकृती खालावली. तरी सुटीत मावशींकडे गेल्या म्हणजे त्या खेळांत व गप्पांत रमत. ता. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या, ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा मावशींनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. वाचकहो, सुटीपुरती येणारी ही पाहुणी त्या घरची कायमची लेक झाली.