साठीनंतर वहीतल्या खाडाखोडीतून रवींद्रनाथ टागोर चित्रकार कसे झाले?

साठीनंतर नवा छंद सुरू करायचा म्हटलं की पहिली भीती असते हसं होण्याची. साध्या माणसाचं हे असं. मग ज्याला नोबेल मिळालंय, ज्याच्या प्रत्येक ओळीवर जगाचं लक्ष आहे, अशा माणसाने न शिकलेल्या कलेत हात घातला तर? रवींद्रनाथ टागोरांनी हे धाडस केलं.

१८६१ साली कोलकात्याच्या जोरासांको वाड्यात त्यांचा जन्म झाला. घरात चित्रकलेची कमी नव्हती. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे त्यांचे पुतणे नामांकित चित्रकार. शांतिनिकेतनमध्ये १९१९ साली कलाभवन सुरू झालं, ते रवींद्रनाथांच्याच पुढाकाराने. पण स्वतः चित्र काढायचं म्हटलं की गाडी अडायची. चाळिशीच्या आसपास त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात, पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त झिजतंय, अशी स्वतःची थट्टाही केली होती. तो नाद मग मागे पडला.

खाडाखोडीतून निघाले प्राणी

कविता लिहिताना शब्द खोडावे लागतातच. पण पानावरचे खोडलेले डाग रवींद्रनाथांच्या डोळ्यांना खुपायचे. म्हणून ते एक खोडलेला शब्द रेषेने दुसऱ्याला जोडायचे. जोडता जोडता त्यातून कधी पक्षी निघायचा, कधी कुठल्याच जंगलात नसलेला प्राणी, तर कधी एखादा चेहरा.

१९२४ मध्ये पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात थांबले. लेखिका व्हिक्टोरिया ओकॅम्पो यांनी ब्युनोस आयर्सजवळ त्यांच्या राहण्याची सोय केली. त्या काळात ते 'पूरबी' या संग्रहातल्या कविता लिहीत होते. वहीतल्या या आकृत्या ओकॅम्पो यांनी पाहिल्या आणि त्या थक्क झाल्या. रवींद्रनाथ तेव्हा ६३ वर्षांचे होते.

पुढच्या काही वर्षांत चित्रं वहीतून बाहेर पडून स्वतंत्र कागदावर आली. शिक्षण नव्हतं, त्यामुळे नियमांचं ओझंही नव्हतं. ब्रशच पाहिजे असा हट्ट नाही. पेन, शाई, चिंधी, बोटं, जे हाताशी येईल ते चालायचं. बऱ्याचदा एका बैठकीत चित्र पूर्ण व्हायचं. लाल आणि हिरव्या रंगातला फरक त्यांना नीट ओळखता येत नसावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. विशेष म्हणजे आयुष्यभर शब्दांत रमलेल्या या माणसाने बहुतेक चित्रांना नावच दिलं नाही. बघणाऱ्याने आपला अर्थ लावावा, ही त्यामागची भूमिका.

पहिलं प्रदर्शन थेट पॅरिसमध्ये

मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. ओकॅम्पो यांनीच धावपळ करून ते जमवून आणलं. त्याच वर्षी लंडन, बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क अशा शहरांतही ही चित्रं पोहोचली. मायदेशाआधी परदेशाने त्यांच्यातला चित्रकार पाहिला.

धोका मोठा होता. कवीची हौस म्हणून समीक्षकांना ही चित्रं मोडीत काढता आली असती. शिवाय ज्यांना रवींद्रनाथ म्हणजे 'गीतांजली'ची शांतता वाटायची, त्यांच्यासमोर काळपट, उदास चेहरे आणि विचित्र जनावरं आली. पण युरोपातल्या कलाजगताने या चित्रांची गंभीर दखल घेतली. बर्लिनच्या नॅशनल गॅलरीकडे काही चित्रं गेली. पुढे नाझींनी आधुनिक कलेविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा ती तिथून हटवण्यात आली.

रवींद्रनाथ थांबले नाहीत. १९३७ साली, ७६व्या वर्षी त्यांनी 'विश्वपरिचय' हे विज्ञानावरचं पुस्तक लिहून सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केलं. चित्रंही सुरूच होती. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर चित्रांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली होती.

आज ही चित्रं भारताचा कलाठेवा मानली जातात आणि कायद्यानुसार ती कायमची देशाबाहेर नेता येत नाहीत. कधीकाळी खोडरबर झिजवून चित्रकलेचा नाद सोडलेल्या माणसाची ही कमाई आहे.