जेम्स जॉन बर्कली

जेम्स जॉन बर्कली (जन्म : होलोवे, लंडन, २१ ऑक्टोबर १८१९, मृत्यू : सिडनहॅम, २५ ऑगस्ट १८६२) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंते होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जी.आय.पी. रेल्वे) या कंपनीचे पहिले मुख्य निवासी अभियंता म्हणून त्यांनी काम पाहिले. भारतातील पहिला प्रवासी रेल्वेमार्ग (मुंबई ते ठाणे, १८५३) त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. सह्याद्री ओलांडणाऱ्या बोरघाट आणि थळघाट या दोन रेल्वेमार्गांची आखणी हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते. हे दोन्ही मार्ग पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला.

प्रारंभिक जीवन

बर्कली यांचे शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये झाले. त्यानंतर त्यांनी अभियंत्यांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे प्रसिद्ध रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे काम केले. इंग्लंडमधील रेल्वेमार्गांच्या बांधणीचा अनुभव त्यांना याच काळात मिळाला. स्टीफन्सन हे जी.आय.पी. रेल्वेचे सल्लागार अभियंता होते. त्यांच्या शिफारशीवरून १८४९ मध्ये बर्कली यांची मुख्य निवासी अभियंता या पदावर नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १८५० मध्ये ते मुंबईत दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय ३० वर्षे होते.

मुंबई–ठाणे मार्ग

मार्गाच्या कामाचा आरंभ ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे झाला. बांधकामाचे कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर यांच्याकडे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली. १४ डब्यांच्या या गाडीत सुमारे ४०० पाहुणे होते. १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत वाढविण्यात आला.

बांधकामाची कामे लहान तुकड्यांत विभागून स्थानिक कंत्राटदारांनाही द्यावीत, असे बर्कली यांचे धोरण होते. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदारांनी जी.आय.पी. रेल्वेची अनेक कामे याच काळात पूर्ण केली.

सह्याद्रीचा प्रश्न

कोकणपट्टीतून दख्खनच्या पठारावर जाण्यासाठी सह्याद्रीचा कडा चढणे अपरिहार्य होते. कंपनीच्या दृष्टीने खरा व्यापार घाटमाथ्यापलीकडे होता. वऱ्हाड, खानदेश आणि दख्खनमधील कापूस मुंबई बंदरात आणणे हा रेल्वे उभारण्यामागील प्रमुख हेतू होता. बोरघाटातून गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात १८३० मध्ये खुला झाला होता. तथापि बैलगाड्यांची वाहतूक मंद आणि खर्चिक होती. चढणीवर जादा बैल जुंपावे लागत आणि पावसाळ्यात वाहतुकीला मोठा अडथळा येई.

बर्कली येण्यापूर्वी माळशेज घाटातून मार्ग नेण्याची एक योजना पुढे आली होती. बर्कली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक घाटांची पाहणी करून ती बाजूला ठेवली. आग्नेयेकडे, म्हणजे पुणे–सोलापूरच्या दिशेने जाण्यासाठी बोरघाट आणि ईशान्येकडे, म्हणजे नाशिक–भुसावळच्या दिशेने जाण्यासाठी थळघाट, अशी निवड त्यांनी केली. बोरघाटाच्या सर्वेक्षणालाच अनेक वर्षे लागली.

घाटमार्गाच्या आखणीत चढाइतकाच उताराचाही विचार करावा लागतो. चढताना इंजिनाची ओढण्याची ताकद आणि चाकांची रुळांवरील पकड कसाला लागते. उतरताना मागील डब्यांचे संपूर्ण वजन इंजिनाला पुढे ढकलते; ब्रेक अपुरे पडल्यास गाडी आवरत नाही. चढ जितका तीव्र, तितके एका इंजिनाला ओढता येणारे वजन कमी होते. अतितीव्र चढावर स्थिर यंत्राच्या साहाय्याने दोरखंडाने डबे ओढण्याची पद्धत त्या काळी इंग्लंडमध्ये प्रचलित होती. बर्कली यांच्या अंतिम आराखड्यात मात्र संपूर्ण घाट इंजिनांनीच चढावा अशी योजना होती. त्यासाठी ३७ फूट अंतरामागे १ फूट ही चढाची कमाल मर्यादा ठेवण्यात आली.

बोरघाट रेल्वेमार्ग

बोरघाटाचा चढ सुमारे २५.५ किलोमीटर लांबीचा असून त्यात मार्ग सुमारे ५५८ मीटर (१,८३१ फूट) वर चढतो. चढाचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ फुटांमागे १ फूट आहे. मूळ मार्गावर २५ बोगदे आणि दऱ्या ओलांडणारे ८ मोठे कमानी पूल होते.

खंडाळ्याच्या अलीकडे कड्यावर सरळ चढण्यास जागा नसल्याने तेथे दिशाबदल स्थानकाची योजना करण्यात आली. गाडी एका बाजूने स्थानकात येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. त्यामुळे अपुऱ्या जागेतही चढ मर्यादेत ठेवणे शक्य झाले. अशीच योजना थळघाटातही करण्यात आली. घाटासाठी खास जड इंजिने तयार करून घेण्यात आली. त्यांना चाकांच्या ब्रेकखेरीज थेट रुळांवर दाबले जाणारे ब्रेकही बसविलेले होते.

कामाला २४ जानेवारी १८५६ रोजी सुरुवात झाली. त्याच वर्षी मे महिन्यात खालच्या बाजूने रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा–पुणे हा घाटमाथ्यावरील मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र तयार नव्हता. त्यामुळे वरच्या मार्गासाठी लागणारी इंजिने, डबे आणि रूळ घाटाच्या रस्त्यानेच वर न्यावे लागले. प्रवाशांना एका गाडीतून उतरून पालखी, घोडा किंवा बैलगाडीने घाट चढावा लागे आणि वर दुसरी गाडी पकडावी लागे. ही व्यवस्था सुमारे ५ वर्षे चालू होती.

कामगार आणि कंत्राटदार

बोरघाटाचे काम अत्यंत धोकादायक होते. उभ्या कड्यांवर दोरांना लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावी लागत. पावसाळ्यात बहुतेक कामे बंद पडत. १८६१ मध्ये कामावरील मजुरांची संख्या ४२,००० पर्यंत पोहोचली होती. अपघात, पटकी आणि तापाच्या साथींत असंख्य मजूर मृत्युमुखी पडले. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजूर आणि युरोपीय कर्मचारी यांच्यात हिंसक संघर्ष झाला. त्यानंतर मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले.

पुढे हे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळाले. परंतु भारतात आल्यावर काही दिवसांतच, सप्टेंबर १८५९ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन अनुभवी व्यवस्थापकांच्या साहाय्याने काम पूर्ण करून घेतले.

घाटाची वाट एका धनगराने इंग्रजांना दाखविली, अशी लोककथा या परिसरात सांगितली जाते. त्याच्या नावाने ओळखले जाणारे शिंग्रोबाचे मंदिर जुन्या घाटरस्त्यावर आहे. घाटाची माहिती असलेल्या स्थानिकांच्या सहभागाची स्मृती या कथेच्या रूपाने टिकून राहिली आहे.

अखेरचा काळ

सततच्या श्रमांमुळे आणि हवामानामुळे बर्कली यांची प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये त्यांनी भारत सोडला. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅम येथे वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे ८ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाट मार्गाचे उद्घाटन झाले. थळघाट मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर गाडी २९६ मीटर (९७२ फूट) चढते.

परिणाम

या दोन घाटमार्गांमुळे मुंबई बंदर दख्खनच्या पठाराशी जोडले गेले. रेल्वेमार्गावरील गावांचा व्यापार वाढला. मार्गापासून दूर राहिलेल्या प्रदेशांना मात्र त्याचा लाभ उशिरा मिळाला. बोरघाटातून गेलेला मार्ग पुण्याहून सोलापूरकडे, तर थळघाटातून गेलेला मार्ग मनमाडवरून भुसावळकडे गेला. या दोहोंच्या मध्ये, बालाघाटच्या डोंगररांगेवर पसरलेला बीड जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. रेल्वे गाठण्यासाठी तेथील मालाला बैलगाडीने घाट उतरून दूरवर जावे लागे. विसाव्या शतकात निजामाच्या रेल्वेने जिल्ह्यातील परळी वैजनाथ जोडले गेले. बीड शहरात मात्र रेल्वे पोहोचण्यास सप्टेंबर २०२५ उजाडले. त्या महिन्यात अहिल्यानगर–बीड मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली.

बर्कली यांच्या मूळ आखणीत पुढे बदल झाले. १८६७ मध्ये बोरघाटातील एक मोठा कमानी पूल कोसळला. १९२९ मध्ये विद्युतीकरणाच्या सुमारास नवे बोगदे खोदून दिशाबदल स्थानक वगळण्यात आले. उतारावर अनियंत्रित झालेली गाडी चढाच्या बाजूला वळवून थांबविण्यासाठी सुरक्षा मार्गिकाही बांधण्यात आल्या. ३७ फुटांमागे १ फूट हा चढ मात्र कायम आहे. त्यामुळे आजही कर्जत व कसारा येथे अनेक गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात. उतरणाऱ्या गाड्यांना वेगाचे कडक निर्बंध पाळावे लागतात.

बर्कली यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी पारितोषिक ठेवण्यात आले. १८८३ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या पारितोषिकाचे मानकरी ठरले.