रसिकांचा शोक आणि केशवरावांचा वारसा

लोकप्रिय कलावंत ऐन उमेदीत गेला म्हणजे त्याचे चाहते शोकाने वेडे होतात, ही काही केवळ चित्रपटाच्या किंवा ध्वनिफितीच्या युगाची देणगी नव्हे. अमेरिकेत रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा मूकपटांचा नायक १९२६ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीने खिडक्यांच्या काचा फोडल्या आणि तिला आवरता आवरता पोलिसांची पुरेवाट झाली. त्याच्या पाच वर्षे आधी, त्याच वयात, पुण्यात एका गायक नटाचे निधन झाले. त्याचे नाव केशवराव विठ्ठल भोसले. व्हॅलेंटिनोच्या मृत्यूची हकिकत सांगताना आज त्या गर्दीची आठवण आधी निघते. केशवरावांच्या मृत्यूनंतर मात्र एक नाटक मंडळी जिवंत राहिली. चाहत्यांच्या शोकाचे मोल कशावरून ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर या फरकात सापडण्यासारखे आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घरची गरिबी इतकी, की शाळेत जावयाच्या कोवळ्या वयात या मुलाला नाटक कंपनीचा रस्ता धरावा लागला. जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत तो दाखल झाला. त्या काळी नाटक मंडळीत मूल देणे म्हणजे त्याच्या शिक्षणावर आणि पुष्कळदा प्रतिष्ठेवरही पाणी सोडणे होय, अशी सर्वसाधारण समजूत होती. परंतु या मुलाचा आवाज असा तेजस्वी आणि पल्लेदार होता, की गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेची भूमिका त्याच्याकडे आली आणि थोड्याच दिवसांत त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अल्पवयीन मुलीचे दुःख हा मुलगा गाऊ लागला म्हणजे प्रेक्षागृह हेलावून जाई.

कौतुकात वाढलेले पोर बहुधा कौतुकावरच संतुष्ट राहते. केशवराव तसे राहिले नाहीत. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. दुसऱ्याच्या कंपनीतील लाडका नट ही जागा सुखाची होती. तिच्यावर पाणी सोडून पन्नास माणसांच्या पोटापाण्याची जबाबदारी शिरावर घेणे हे धाडसच होते. पण केशवरावांच्या गुणांची खरी ओळख पटते ती येथूनच.

रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या थोर गवयाच्या चाली त्यांनी आपल्या रंगभूमीवर आणल्या. पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकाराच्या कुंचल्याला पडद्यांवर वाव दिला. १९१२ साली त्यांच्या मंडळीने हिराबाई पेडणेकर यांचे ‘दामिनी’ रंगभूमीवर आणले. स्त्रियांनी नाटक पाहावे की नाही याचाच जेथे खल चाले, तेथे स्त्रीने लिहिलेले नाटक धंदेवाईक मंडळीने करणे ही साधी गोष्ट नव्हती. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’तील मृणालिनी ही त्यांची भूमिका गाजली. पुढे मामा वरेरकर हा नवा नाटककार त्यांनी पुढे आणला. १९१६ च्या ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकात हुंड्याच्या चालीवर प्रहार होता, तर १९१९ च्या ‘संन्याशाचा संसार’मध्ये धर्मांतराचा प्रश्न होता. केवळ आपल्या गळ्यावर प्रेक्षक जमवणे सहज शक्य असताना केशवरावांनी ते प्रेक्षक वादग्रस्त विषयांपुढे आणून बसवले. छत्रपती शाहू महाराजांची त्यांच्यावर मेहेरनजर होती, ती या कर्तृत्वामुळेच. महाराजांनी कोल्हापुरात बांधवलेले आणि १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

या काळात महाराष्ट्रातील रसिकांचे दोन तट पडले होते. एका बाजूला बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. दुसऱ्या बाजूला केशवराव. एकाच्या गाण्यात लडिवाळपणा आणि लालित्य, तर दुसऱ्याच्या गाण्यात जोर आणि झेप. दोघांच्या वयांत अवघे दोन वर्षांचे अंतर. चहाच्या दुकानांतून, कचेऱ्यांतून आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून या दोघांवरून कडाक्याचे वाद होत. आपल्या नटाचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याला कमी लेखणे, हा चाहत्यांचा स्वभाव आजच्याइतकाच तेव्हाही होता.

अशा वेळी १९२१ साल उजाडले. लोकमान्य टिळक आदल्या वर्षी गेले होते. त्यांच्या नावाने उभारावयाच्या स्वराज्य फंडासाठी महात्मा गांधींनी एक कोटी रुपयांचे आवाहन केले होते. इकडे मावळच्या डोंगरांत, लोणावळ्याच्या दक्षिणेस मुळशी पेट्यात, टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्यामुळे मावळे शेतकरी पेटून उठले होते आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, तेथे सत्याग्रह सुरू झाला होता. सार्वजनिक जीवन असे ढवळून निघाले असताना नाटकवाल्यांनी आपापल्या गल्ल्यावर नजर ठेवून बसावे, हे केशवराव आणि बालगंधर्व या दोघांनाही रुचले नाही. दोघांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग फंडासाठी करावयाचे ठरले.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. ज्यांच्या नावाने रसिक एकमेकांशी भांडत, ते दोघे एकाच रंगमंचावर, एकाच नाटकात, एकमेकांना सांभाळून घेत उभे राहिले. फंडाला सोळा हजारांहून अधिक रुपये मिळाले. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे. परंतु त्या रात्रीची खरी प्राप्ती पैशात मोजता येणार नाही. कोणी कोणावर मात केली, याचा निकाल ऐकावयास आलेली मंडळी दोघांनाही दाद देऊन परतली. त्यानंतर ‘सौभद्रा’चाही संयुक्त प्रयोग झाला. मराठी रंगभूमीचा हा कळसाध्याय होय, असे आजही मानले जाते.

त्या दिवसांत नाटक मंडळीचा सारा संसार आगगाडीवर चाले. मुंबईचा मुक्काम हलवून पुण्यास जावयाचे म्हणजे पडदे, कपडे, वाद्ये आणि माणसे यांसह बोरघाट चढून जावयाचा. हा घाट १८६३ मध्ये आगगाडीला खुला झाला, तरी १९२१ सालीही खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवून पुढची चढण चढावी लागे. मग लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी मावळातील स्टेशने मागे टाकीत गाडी पुण्यास पोचे. या गावांना मोठी नाटकगृहे नव्हती. लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीतील कारकुनाला किंवा तळेगावच्या शिक्षकाला केशवरावांचे गाणे ऐकावयाचे तर पदरमोड करून, रात्र जागवून, पुण्याला किंवा मुंबईला जावे लागे. ज्यांना तेही शक्य नसे, त्यांची भूक ऐकीव वर्णनांवर आणि वर्तमानपत्रांतील परीक्षणांवर भागे. तरीही असा रसिक आपल्या आवडत्या नटावर जीव टाकी. डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसावर प्रेम करणारा चाहता, ही आजची समजली जाणारी जात तेव्हाही या घाटमाथ्यावर नांदत होती.

‘मानापमाना’च्या त्या रात्रीनंतर अवघ्या ८८ दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, पुण्यात विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. त्यांनी एकतिसावे वर्ष नुकतेच ओलांडले होते.

तो आघात आज कल्पनेने जाणून घ्यावा लागतो. नभोवाणी नव्हती. बोलपट यावयास दहा वर्षे अवकाश होता. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. ‘वन्स मोअर’च्या गजरात पुन:पुन्हा फुलवलेले पद त्या तबकडीत बसणे अशक्यच. दोन महिन्यांपूर्वी, २ ऑगस्टला, इटलीत एन्रीको कारूझो हा जगद्विख्यात गायक वारला होता. पण त्याच्या मुद्रिका घरोघर पोचल्या होत्या आणि त्याचा आवाज मागे राहिला. नाटकगृहात रात्र जागवणारे केशवराव मात्र ज्यांनी ऐकले त्यांच्या स्मरणातच राहिले. जो रसिक पुढच्या खेपेला पाहू म्हणून थांबला, त्याची ती संधी कायमची गेली. गडकरी १९१९ मध्ये, टिळक १९२० मध्ये आणि आता केशवराव. तीन वर्षांत तीन घाव सोसणाऱ्या महाराष्ट्राला हा वियोग एखाद्या नटाच्या मृत्यूपेक्षा मोठा वाटला असल्यास नवल नाही.

अशा प्रसंगी सर्वांच्या मनात एकच विचार येतो: आता संपले. वीस वर्षांपूर्वी, १९०१ साली, भाऊराव कोल्हटकर गेले तेव्हाही किर्लोस्कर मंडळीविषयी असेच वाटले होते. चाहता आपले दुःख मोठे करण्याच्या भरात नकळत कलेचा शेवट जाहीर करून टाकतो. आणि ज्याच्यावर तो प्रेम करतो, त्याच्या कार्याला यासारखा दुसरा धोका नाही. सुदैवाने ललितकलादर्श मंडळीत बापूराव पेंढारकर नावाचा तरुण नट होता. केशवरावांवर त्याची निष्ठा कोणाही प्रेक्षकाहून कमी नव्हती. पण शोक करीत बसणे हा त्या निष्ठेचा अर्थ त्याने लावला नाही. त्याने मंडळीची धुरा उचलली. १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ आणि १९२३ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील ‘तुरुंगाच्या दारात’ ही नाटके रंगभूमीवर आली. धन्याची जुनी नाटके जपून ठेवणे सोपे होते. त्याची नवे करण्याची वृत्ती जपणे अवघड होते. बापूरावांनी अवघड वाट पत्करली आणि १९३७ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ती सोडली नाही.

केशवरावांच्या निधनानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच २५ नोव्हेंबर १९२१ रोजी बापूरावांना मुलगा झाला. तो भालचंद्र. वडिलांमागे बंद पडलेली ललितकलादर्श त्याने १९४२ मध्ये पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ यांसारखी नाटके तिने दिली. भालचंद्र पेंढारकर २०१५ मध्ये निवर्तले. ज्याने केशवरावांना पाहिलेही नव्हते, त्याने त्यांचा वारसा त्यांच्या आयुष्याच्या दुपटीहून अधिक काळ सांभाळला.

येथे संयुक्त प्रयोगातील दुसऱ्या कलावंताचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही. बालगंधर्वांना दीर्घायुष्य लाभले. ज्या समाजाने त्यांच्या पातळाची नक्कल केली, त्यांच्या नावाच्या टोप्या घातल्या, त्याच समाजाने त्यांना उतारवयात, पाय निकामी होऊन पडलेल्या अवस्थेत, बहुतांशी त्यांच्या नशिबावर सोडले. पुण्यातील त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचा पाया ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते घातला गेला. ते उघडले २६ जून १९६८ रोजी. नारायणराव त्यापूर्वीच, १५ जुलै १९६७ रोजी, गेले होते. वास्तू उत्तम झाली, यात वाद नाही. परंतु तिचा पडदा उघडलेला पाहण्यास तो कलावंत उरला नव्हता. अकाली मरण आलेल्याबद्दल आपण हळहळतो. जगलेल्याची मात्र आपणांस आठवण राहत नाही. चाहत्यांच्या प्रेमातील ही खोट मान्य केली पाहिजे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि ती देखणी वास्तू भस्मसात झाली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळक्या भिंतींपुढे जमलेल्या कलावंतांना आणि रसिकांना अश्रू आवरले नाहीत. त्यांपैकी कोणीही केशवरावांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले असणे शक्य नव्हते. शंभर वर्षांपूर्वी निमालेल्या आवाजासाठी ते रडत होते असे नव्हे. त्या मंचावर त्यांनी स्वतः कामे केली होती, पहिली नाटके पाहिली होती. एका नटाच्या नावाने उभी असलेली जागा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाली होती. म्हणूनच त्यांच्या शोकातून लगेच नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीची मागणी पुढे आली.

मावळातील असो वा कोल्हापुरातील, चाहत्याला आपला कलावंत मृत्यूपासून वाचवता येत नाही. त्याच्या हातात दोन गोष्टी असतात. कलावंत हयात असताना तिकीट काढून त्याच्यापुढे बसणे आणि त्याच्या उतारवयात त्याच्या दारी जाणे, ही एक. तो गेल्यावर त्याने सुरू केलेले काम, मंडळी आणि मंच बंद पडू न देणे, ही दुसरी. पहिली गोष्ट महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या बाबतीत अर्धीच केली. दुसरी केशवरावांच्या बाबतीत पेंढारकर पितापुत्रांनी पुरी केली. केशवरावांवर खरे प्रेम कोणी केले, असे कोणी विचारल्यास ४ ऑक्टोबर १९२१ रोजी अश्रू ढाळणाऱ्या असंख्यांत त्याचे उत्तर शोधू नये. त्यानंतरच्या प्रयोगासाठी ज्यांनी तोंडाला पुन्हा रंग लावला, त्यांच्यात ते सापडेल.