विल्बर राइट

विमान आकाशांत चढविणें कठीण खरें. पण तेथें तें सांवरून धरणें त्याहूनही कठीण. हें मर्म ज्यानें ओळखलें, त्या विल्बर राइटचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. कुमारवयांत बर्फावर हॉकी खेळतांना तोंडावर जबर मार बसून त्याचे पुढचे दांत पडले, प्रकृति खालावली व कॉलेजांत जाण्याचा बेत मनांतच राहिला. पुढील कांहीं वर्षें त्यानें क्षयी मातेची शुश्रूषा करण्यांत व घरचीं पुस्तकें वाचण्यांत घालविलीं. १८९२ सालीं धाकटा बंधु ऑर्व्हिल याच्यासह त्यानें डेटन गांवीं सायकलींचें दुकान काढिलें.

१८९६ सालीं जर्मन उड्डाणवीर लिलिएन्थाल हा उड्डाण करतांना पडून मरण पावला. केवळ अंग झुकवून तोल राखणें पुरेसें नाहीं, हें विल्बरनें ताडिलें. १८९९ सालीं ट्यूबचें रिकामें लांबट खोकें हातांत पिळतां पिळतां त्यास युक्ति सुचली. एका पंखाची मागील कड खालीं व दुसऱ्याची वर वळविली, तर पहिला पंख उचलला जाईल व दुसरा खालीं जाईल!

परंतु १९०१ सालीं त्यांच्या बिनइंजिनाच्या यंत्रानें नवलच केलें. उचललेला पंख मागें ओढला जाई व यंत्र भलतीकडेच तोंड फिरवी. जो पंख अधिक उचलतो, त्यास वाराही अधिक अडवितो, हें त्याचें कारण. विल्बर अगदीं निराश होऊन घरीं परतला. पण प्रयत्न त्यानें सोडिला नाहीं. १९०२ सालीं उभय बंधूंनीं यंत्राच्या शेपटास हलतें सुकाणूं बसवून तें पंखांच्या दोऱ्यांशीं जोडिलें, आणि तोल हातीं आला. १७ डिसेंबर १९०३ रोजीं इंजिनाचें विमान उडालें; त्या दिवशीं चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला.

पुढें पंख पिळण्याऐवजीं बिजागरीच्या फळ्या, म्हणजे एलेरॉन, प्रचारांत आल्या. त्यांवरील हक्काच्या कोर्टकज्ज्यांत विल्बरचीं अखेरचीं वर्षें खर्ची पडलीं, व ३० मे १९१२ रोजीं विषमज्वरानें तो निवर्तला.

आजही लहान विमानांत खालीं वळलेला एलेरॉन तीच जुनी खोडी करितो. म्हणून पुष्कळ विमानांत तो वरच्यापेक्षां कमी वळेल अशी योजना असते, आणि वैमानिक पायानें सुकाणूं फिरवून साह्य करितो.

कॉलेज अंतरलें तरी विद्या अंतरत नाहीं. आणि यंत्र उलट वागलें तर त्यावर न रागावतां कारण शोधावें, एवढा बोध आमच्या विद्यार्थ्यांनीं घ्यावा.