सृष्टीचे सखा : असिसीकर संत फ्रान्सिस

इटलीतील असिसी नगरीत सुमारे ११८१ साली एका धनाढ्य कापड व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडिलांच्या संपत्तीवर पाणी सोडून त्यांनी दारिद्र्याचे व्रत स्वीकारले.

सूर्य, चंद्र, वारा व पाणी यांना ते बंधुभगिनी मानीत. हे नाते त्यांनी आचरणातही उतरविले. सरपण तोडणाऱ्या धर्मबंधूंना ते झाड मुळापासून तोडू देत नसत. त्याला पुन्हा पालवी फुटावी, ही त्यांची इच्छा. मळ्याच्या कडेची जमीन न खणता फुला-गवतासाठी सोडावी, असेही ते सांगत. त्यांचे आद्य चरित्रकार थॉमस चेलानोकर यांनी ही नोंद केली आहे. १२२३ साली ग्रेच्चो येथे त्यांनी नाताळचा देखावा उभारला, तोही साध्या चाऱ्याची गव्हाण आणि बैल-गाढव आणून.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी ते देवाघरी गेले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

गरजेपुरते घ्यावे व उद्यासाठी मागे ठेवावे, हा धडा आपण त्यांच्याकडून घेतो. ४ ऑक्टोबरला, त्यांच्या सणादिवशी, आपल्या मुलांच्या हातून एक रोप लावू या आणि वर्षभर त्याला पाणी घालण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवू या. नाताळचा गोठाही थर्माकोलऐवजी गवत-मातीचा करू या.