फर्ग्युसन, पण कॉलेजवाला नव्हे!

समजा, जुलैतला रविवार आहे. तुम्ही चौघं मित्र एका जुन्या, सेकंड हँड एसयूव्हीतून धरणामागच्या कच्च्या रस्त्याला लागलाय. गाडीच्या पाठीवर झोकात लिहिलंय, ‘ऑल व्हील ड्राइव्ह’. एका वळणावर पुढचं डावं चाक चिखलाच्या खड्ड्यात जातं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते चाक गरगर फिरतं, चिखल उडतो आणि धक्का द्यायला उतरलेल्या मित्राचा टी-शर्ट रंगून निघतो. बाकीची तीन चाकं मात्र ढिम्म. इंजिनात ताकद आहे, टाकीत डिझेल आहे, चारही चाकांपर्यंत शाफ्ट पोचलेत. तरी गाडी तिथल्या तिथे.

ताकद आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचत नाही. हा एकच प्रश्न एका माणसाने जन्मभर डोक्यात घेतला. आधी शेतात, मग रस्त्यावर. त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन.

थांबा, तुमच्या डोक्यात लगेच एफसी रोड आला असणार! पण तो हा नव्हे. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन. त्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’ दोनदा येतो, हॅरीच्या एकदाच. ते कॉलेज १८८५ साली सुरू झालं आणि आपला हॅरी त्याच्या आदल्या वर्षी, ४ नोव्हेंबर १८८४ ला, आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल गावी एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला.

शेत नको, गॅरेज हवं

घरात अकरा भावंडं. वडील कमालीचे धार्मिक आणि कडक. हॅरीला ना शेतातलं काम आवडायचं, ना घरातली शिस्त. एकदा तर तो कॅनडाला निघून जायच्या बेतात होता. पण १९०२ मध्ये भावाने, जोने, त्याला बेलफास्टमधल्या आपल्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात घेतलं. तिथे पोराला सूर सापडला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखायचा, मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचं, असं सगळं सुरू झालं.

मग डोक्यात विमान शिरलं. राइट बंधूंच्या बातम्या तेव्हा नव्या होत्या. हॅरीने विमान स्वतः बनवलं. कितीदा प्रयत्न फसले, मोडतोड झाली, वारा आडवा आला. शेवटी ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरोच्या मैदानात ते साधारण ११८ मीटर उडालं. आयर्लंडच्या भूमीवरचं ते पहिलं विमानोड्डाण. तेव्हा हॅरी पंचवीस वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा.

नांगर उलटतो तेव्हा

१९११ मध्ये त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा सुरू केला. पहिलं महायुद्ध आलं. अन्नधान्य कमी पडायला लागलं, तेव्हा १९१७ मध्ये सरकारच्या शेतकी खात्याने त्याला काम दिलं: आयर्लंडभर फिर आणि ट्रॅक्टर नीट चालतील असं बघ. ज्या शेतातून तो पळून गेला होता, तिथेच परत येऊन उभा राहिला!

विली सँड्स नावाचा तरबेज मेकॅनिक त्याच्याबरोबर होता. दोघांनी जे पाहिलं ते भयंकर होतं. तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे यांत्रिक घोडा. नांगर मागे साखळीने नाहीतर दांडीने ओढायचा. नांगर एखाद्या दगडात अडकला की मागची चाकं जागेवर थांबायची आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जायचं. कधी कधी अख्खा ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर यायचा. माणसं मरायची. दुसरीकडे, हलका ट्रॅक्टर ओल्या मातीत नुसताच चाकं फिरवत बसायचा. म्हणून कंपन्या ट्रॅक्टर आणखी जड करायच्या. जड झाला की माती दाबली जायची, इंधन जास्त लागायचं आणि किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जायची.

हॅरीने प्रश्न उलटा करून बघितला. वजन वाढवण्यापेक्षा नांगराचंच वजन आणि ओढ चाकांवर का आणू नये? त्याने नांगर साखळीने ओढायचं बंद करून ट्रॅक्टरलाच तीन ठिकाणी जोडला. खाली दोन दांडे, वर एक. त्याला हायड्रॉलिक लिफ्टची जोड दिली. नांगराला जमिनीत जास्त अडथळा आला की लिफ्ट त्याला आपोआप किंचित उचलते. त्यामुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चाकं जमीन घट्ट धरतात. वरचा दांडा ट्रॅक्टरचं नाक खाली दाबून ठेवतो, त्यामुळे उलटायची भीतीही कमी झाली. हे पहिल्या झटक्यात झालेलं नाही. चुका, पेटंट, पुन्हा चुका, असं करत १९३३ मध्ये त्याचा पहिला संपूर्ण ट्रॅक्टर तयार झाला. आज आपल्याकडचा कुठलाही ट्रॅक्टर मागून बघा. ती तीन दांड्यांची जोडणी अजून तीच आहे.

शेकहँड महागात पडला

ऑक्टोबर १९३८. हॅरी ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला गेला आणि साक्षात हेन्री फोर्डसमोर त्याने शेत नांगरून दाखवलं. फोर्ड खूश. दोघांनी हात मिळवले आणि त्यावर करार झाला. कागद नाही, सही नाही. पुढच्या वर्षी फोर्डच्या कारखान्यातून हॅरीच्या पद्धतीचे ट्रॅक्टर बाहेर पडायला लागले आणि लाखोंनी खपले.

मग म्हातारा फोर्ड गेला. कारभार नातवाच्या हाती होता. १९४७ मध्ये त्याने हा व्यवहार मोडला आणि हॅरीचीच लिफ्ट वापरून नवा ट्रॅक्टर बाजारात आणला. हॅरी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने २५ कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचा दावा ठोकला. चार वर्षं कोर्टकचेरी चालली आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. मागितलं होतं त्याच्या चार टक्केही नाहीत. स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्यांनी हा भाग जरा दोनदा वाचावा. मैत्री कितीही पक्की असो, आधी कागद करा!

तोवर इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, त्याचा स्वतःचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर धडाक्यात सुरू होता. जेमतेम अकराशे किलोंचा हा टीई-२०. १९४६ ते १९५६ मध्ये असे पाच लाखांहून जास्त बनले. १९५३ मध्ये त्याने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसला जोडली. त्या सौद्यात दहा लाख डॉलरवरून वाद झाला, तो त्याने चक्क नाणं उडवून मिटवला आणि हरला. पुढच्याच वर्षी तो या कंपनीतून बाहेर पडला. एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरीने तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांना पट्टे बसवून ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुव गाठला, तेव्हा ट्रॅक्टरवर नाव हॅरीचं होतं, कंपनी मात्र त्याची राहिली नव्हती.

आता चारही चाकं

वय सत्तरीचं. पैसा भरपूर. दुसरा कुणी आरामखुर्चीत बसला असता. हॅरीला मात्र मोटारी अपघातात का सापडतात, ओल्या रस्त्यावर का घसरतात, हे छळत होतं. १९५० मध्येच त्याने ‘हॅरी फर्ग्युसन रिसर्च’ ही कंपनी काढली होती. सोबत होते मोटारसायकल रेसर फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट. हा रोल्ट म्हणजे वल्लीच. दुसऱ्या महायुद्धात कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैदी असताना सुटकेसाठी माळ्यावर गुपचूप ग्लायडर बनवणाऱ्यांपैकी एक, आणि पुढे १९५३ च्या ल मान्स शर्यतीचा विजेता.

आता सुरुवातीच्या त्या चिखलाकडे या. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली तर टायर घासतील, गाडी वळायला कुरकुरेल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण दोघांना जोर सारखाच देतं. गोची इथेच आहे. चिखलातल्या चाकाला फिरायला जोरच लागत नाही. मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत अशी तीन डिफरन्शियल लागतात: पुढे, मागे आणि दोन्ही एक्सलच्या मध्ये. तिन्ही साधी असतील तर एक चाक घसरलं की चौघांचा खेळ खलास.

युद्धातल्या जीपमध्ये मधलं डिफरन्शियलच नव्हतं. फोर व्हील टाकलं की पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना जखडायचे. चिखलात झकास, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना चाकं एकमेकांशी भांडायची. हॅरीच्या टीमने मधला मार्ग काढला. मध्ये डिफरन्शियल ठेवायचं, पण त्याला मोकाट सोडायचं नाही. वळताना लागतो तेवढा वेगातला फरक चालेल. त्यापेक्षा जास्त फरक पडला, म्हणजे चाक घसरायला लागलं, की आतले क्लच पकड घेतात आणि पुढचा-मागचा एक्सल जोडला जातो. ड्रायव्हरने काही करायचं नाही. याच तत्त्वाला पुढे ‘फर्ग्युसन फॉर्म्युला’ म्हणायला लागले.

त्याने नमुन्याच्या गाड्या बनवल्या, मोटार कंपन्यांना दाखवल्या. कुणी घेतलं नाही. महाग आहे, किचकट आहे, गरज काय? २५ ऑक्टोबर १९६० ला हॅरी गेला, तेव्हा त्याच्या फॉर्म्युल्याची एकही गाडी बाजारात नव्हती.

अकरा महिन्यांनी

त्याच्या टीमने एक फॉर्म्युला वन गाडी बनवली होती: पी-९९. इंजिन पुढे. खरं तर तोवर सगळ्यांनी इंजिन मागे नेलं होतं, त्यामुळे गाडी दिसायलाच जुनाट. पण चारही चाकांना ताकद. सप्टेंबर १९६१ मध्ये औल्टन पार्कच्या ओलसर ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने तिच्यात बसून गोल्ड कप जिंकला. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकल्याचं ते आजवरचं एकमेव उदाहरण. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही कार आली. तिच्या नावातली दोन ‘एफ’ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. सोबत अँटी-लॉक ब्रेकही होते. गाडी भलतीच महाग होती, फक्त ३२० बनल्या. पण वाट मोकळी झाली. पुढे रोल्टच्या कंपनीने क्लचऐवजी घट्ट सिलिकॉन द्रव वापरणारं व्हिस्कस कपलिंग पुढे आणलं आणि १९८० च्या दशकात ऑल व्हील ड्राइव्ह सामान्य गाड्यांपर्यंत पोचलं.

आज ऑफरोडिंगवाले डिफरन्शियल बदलून घेतात, त्यामागे हाच विचार आहे. लिमिटेड स्लिप घसरणाऱ्या चाकाला आवर घालतं आणि रोजच्या रस्त्यालाही चालतं. पण गियरवर चालणाऱ्या प्रकारात एक चाक पूर्ण हवेत गेलं की ते हतबल होतं. लॉकर दोन्ही चाकं सरळ जखडतो, म्हणून खडकाळ चढावर तोच राजा. मात्र डांबरी रस्त्यावर लॉक तसाच ठेवून वळलात तर टायर आणि एक्सल दोन्हींचं नुकसान. पुढच्या एक्सलला लॉक केलं तर स्टिअरिंग जड होतं, म्हणून बरेच जण सुरुवात मागच्यापासून करतात. आणि या सगळ्यावर हजारो रुपये घालवायच्या आधी टायर चांगले घ्या. चाकाने जमीनच धरली नाही, तर डिफरन्शियल बिचारं काय करणार?

आणि तरीही त्या खड्ड्यात अडकलातच, तर एवढं करा. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, नुसतं चाक फिरवून खड्डा खोल करू नका. जवळच्या शेतातून कुणीतरी दोर घेऊन येईलच. त्यांचा ट्रॅक्टर लाल असला तर बॉनेटवरचं नाव वाचा. चेन्नईच्या टॅफेने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेला, गावाकडे ज्याला नुसतं ‘मॅसी’ म्हणतात तो असू शकेल. पूर्ण नाव मॅसी फर्ग्युसन. तुमची गाडी बाहेर काढायला हॅरीच आलाय, असं समजा आणि ट्रॅक्टरवाल्या काकांना चहा पाजायला विसरू नका!