राज्य टिकवताना कमी पडला, पण डुक्कर कसं भाजायचं ते संस्कृत श्लोकांत लिहून गेला : चालुक्य राजा सोमेश्वर

इन्स्टाग्रामवर एक ठरावीक रील सारखं समोर येतं. अमेरिकेतलं घर, मागचं अंगण, तिथे ड्रमसारखं काळं यंत्र आणि त्यातून निघणारा निळसर धूर. यंत्राचं नाव पेलेट ग्रिल. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्या आपोआप विस्तवात पडत राहतात, पंखा हवा मारतो आणि डुकराच्या खांद्याचा चार-पाच किलोचा तुकडा ११० अंशांच्या आसपास दहा-बारा तास धुरात बसून राहतो. मांसातला चिवटपणा हळूहळू विरघळतो आणि शेवटी नुसता काटा लावून ओढलं तरी धागे सुटतात. हेच ते पुल्ड पोर्क.

हे बघणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की डुकरासाठी एवढा सोपस्कार करणं हे गोऱ्यांचं काम. आपल्याकडे फार तर गोव्याचं सोरपोतेल, आणि तेही पोर्तुगीज आल्यावर.

आता गंमत बघा. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्याच्या तब्बल ३८० वर्षं आधी एका राजाने डुकराचे केस कसे काढायचे, कातडी कशी भाजायची, तुकडे कसे करायचे आणि त्यावर काय घालायचं हे सगळं संस्कृत श्लोकांत लिहून ठेवलं होतं. तो राजा कुठल्या लांबच्या देशातला नव्हता. त्याच्या घराण्याचं राज्य विदर्भापर्यंत पसरलेलं होतं.

त्याचं नाव सोमेश्वर तिसरा, कल्याणीचा चालुक्य.

आधी कल्याणीचा घोळ मिटवू. हे लोकलवालं कल्याण नाही. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की उमरगा येतं, आणि पुढे कर्नाटकात शिरल्यावर बिदर जिल्ह्यात बसवकल्याण लागतं. आजही तिथल्या बाजारात मराठी सर्रास चालते. बाराव्या शतकात दख्खनची राजधानी म्हणजे हे गाव.

सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य सहावा म्हणजे मोठं प्रकरण. थोरल्या भावाला बाजूला सारून १०७६ साली तो गादीवर बसला आणि पन्नास वर्षं हलला नाही. स्वतःच्या नावाचा वेगळा शकही त्याने सुरू केला. त्याच्या राण्यांमध्ये कऱ्हाडच्या शिलाहारांची चंद्रलेखा होती. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण त्याच्या दरबारात होता आणि त्याने राजावर महाकाव्य लिहिलं. हिंदू वारसा हक्काच्या कायद्यात आजही ज्याचं नाव निघतं तो 'मिताक्षरा' ग्रंथ विज्ञानेश्वराने याच काळात कल्याणीत लिहिला.

या सत्तेची खूण यवतमाळ जिल्ह्यातही आहे. पुसद तालुक्यातल्या डोंगरगावात १११२ सालचा शिलालेख सापडला. त्यात जगद्देव परमाराचं नाव आहे. हा माळव्याचा राजपुत्र, पण विक्रमादित्याच्या आश्रयाला आला आणि इकडेच मोठा झाला. मुकुटबनच्या बाजूने पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलं तर जैनद नावाचं गाव आहे. तिथल्या देवळातल्या शिलालेखातही हाच जगद्देव भेटतो. थोडक्यात, आज ज्या पट्ट्यात कोळसा आणि सिमेंटची चर्चा चालते, तिथे तेव्हा कल्याणीच्या राजाचा शब्द चालायचा.

११२६ च्या सुमारास विक्रमादित्य गेला आणि हे सगळं सोमेश्वराच्या हातात आलं.

पन्नास वर्षं राज्य केलेल्या बापाच्या मागून गादीवर बसणं कुणालाही सोपं जात नाही. सोमेश्वराने 'भूलोकमल्ल' असं बिरुद घेतलं, म्हणजे पृथ्वीवरचा पैलवान. पण कुस्ती आखाड्याबाहेर चालली होती. दक्षिणेला होयसळांचा विष्णुवर्धन नावाला मांडलिक होता आणि प्रत्यक्षात स्वतंत्र राजासारखा वागत होता. पूर्वेला आंध्र किनाऱ्याचा वेंगीचा प्रदेश बापाने मिळवला होता, तो चोळांनी परत घेतला. सोमेश्वर अगदीच हातावर हात ठेवून बसला असं नाही, पण बापाचा वचक त्याच्यात नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला म्हणूनच दोन-चार ओळी येतात.

आणि त्यातली एक ओळ त्याच्या ग्रंथाची असते.

ग्रंथाचं नाव 'मानसोल्लास'. दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणि'. त्यात शके १०५१ चा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन ११२९. गादीवर बसून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. पाच भाग, प्रत्येक भागात २० प्रकरणं, एकूण १०० प्रकरणं आणि जवळपास ८ हजार श्लोक. राज्य मिळवायचं कसं, टिकवायचं कसं इथपासून सुरुवात होते. पुढे हत्ती पकडणं, रत्नं पारखणं, घर बांधणं, चित्रं काढणं, पैलवानांचा खुराक, कोंबड्यांच्या झुंजी, मासे पकडायचा गळ आणि आमिष, असं काय वाट्टेल ते येतं. एवढं सगळं एकट्या राजाने बसून लिहिलं की दरबारातल्या जाणकारांनी हात लावला, हा प्रश्न रास्त आहे. पण ग्रंथावर नाव राजाचं आहे, आणि इतकं बारीक लिहून घ्यायचं हे ठरवणारं डोकंही त्याचंच धरावं लागतं. लोकांनी त्याला 'सर्वज्ञ' म्हटलं ते यासाठीच.

तिसरा भाग राजाच्या उपभोगांचा. त्यात अंघोळ आहे, विडा आहे, कपडे आहेत, धूप जाळण्याची शिस्त आहे. आणि एक प्रकरण आहे 'अन्नभोग'.

इथे राजा खरा रंगात येतो.

सुरुवात भातापासून. तांदळाच्या आठ जाती तो नावानिशी सांगतो, त्यात सुवासिक गंधशाली आहे आणि साठ दिवसांत येणारा साठीचा तांदूळही आहे. भात शिजला की नाही ते शितं बोटाने दाबून बघायचं आणि मग पेज काढून टाकायची. आजीसुद्धा हेच सांगेल. पुढे मांडे येतात, वडे येतात, धिरड्या-डोशाच्या जातीचा पदार्थ येतो. इडलीचं जुनं रूपही येतं, फक्त त्यात तांदूळ नाही, ती निव्वळ उडदाची आहे.

मग मांस, आणि त्यात डुक्कर.

डुकराचं सगळं अवघड काम सुरुवातीलाच असतं, ते म्हणजे केस काढणं. राठ केस राहिले तर पुढचा मसाला कितीही भारी असला तरी घास तोंडात जात नाही. सोमेश्वराकडे यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे डुकरावर पांढरं कापड पसरायचं आणि वरून कढत पाणी ओतत राहायचं. कापडामुळे पाणी लगेच ओघळून जात नाही, वाफ आत धरली जाते, केसांची मुळं सैल होतात आणि केस हाताने उपटता येतात. दुसरा उपाय म्हणजे अंगाला चिखल थापायचा आणि गवताच्या जाळावर धरायचं. केस जळून जातात आणि मातीच्या थरामुळे कातडी करपत नाही. मग खरवडून अंग पांढरंशुभ्र करायचं, कमळाच्या देठासारखं.

उपमा कवीची आहे, पण काम खाटकाचं आहे. मुंडी आणि खूर जाळावर धरून सुरीने खरवडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. देशात डुक्कर जिथे जिथे खाल्लं जातं, तिथल्या अनेक गावांत आजही गवताचा जाळ हीच पहिली पायरी असते.

स्वच्छ झालेलं डुक्कर मग विस्तवावर भाजायचं आणि नंतर तुकडे करायचे. या भाजलेल्या तुकड्यांना सोमेश्वर 'शुंठक' म्हणतो. पातळ, लांब, ताडाच्या पानासारख्या पट्ट्या कापल्या तर त्या 'चक्कलिका'. त्या मसाला घातलेल्या दह्यात जायच्या. मांसाचे तुकडे शुलावर, म्हणजे सळईवर, ओवून निखाऱ्यावर भाजायचा 'भडित्रक' नावाचा प्रकार आहे. त्याला आज कुणीही कबाब म्हणेल. आतड्यात सारण भरून भाजायचा पदार्थ आहे, तो सॉसेजचा चुलता. काळीज सुपारीएवढे तुकडे करून आधी निखाऱ्यावर भाजायचं, मग मसाल्यात परतायचं. शेतातले आणि नदीकाठचे काळे उंदीर कसे करायचे तेही आहे. शेपटीला धरून कढत तेलात बुडवायचे, केस गेले की धुवायचे आणि आवळ्याच्या आंबटपणात शिजवायचे. हे वाचून तोंड वाकडं करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, हे राजाच्या ताटातलं वाढण आहे, दुष्काळातलं नाही.

मसाला काय? इथे आजच्या स्वयंपाकघराला धक्का बसतो. मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. हे तिन्ही अमेरिका खंडातले, ते यायला अजून काही शतकं होती. तिखटपणा मिरी आणि आल्याचा, वास हिंग, जिरं आणि वेलदोड्याचा, आंबटपणा दही, चिंच आणि आवळ्याचा. काही पदार्थांना शेवटी हिंगाची धुरी द्यायला सांगितलं आहे. निखाऱ्यावर हिंग टाकायचा आणि तो धूर पदार्थाला लागू द्यायचा.

आता, यावरून कल्याणीत पुल्ड पोर्क होत होतं असा दावा कुणी करू नये. दहा-बारा तास मंद धुरात मांस ठेवून त्याचे धागे काढणं ही अमेरिकेच्या दक्षिणेकडची पद्धत आहे, ती 'मानसोल्लास'मध्ये नाही. सोमेश्वराचा विस्तव वेगळा आहे. त्याला कातडी जाळावर हवी, मांस निखाऱ्यावर हवं आणि धूर फक्त वासापुरता हवा. पण कॅरोलायनात पुल्ड पोर्कवर व्हिनेगर ओततात आणि कल्याणीत चक्कलिका दह्यात जायच्या, त्यामागचं कारण एकच. डुकराच्या चरबीला आंबट लागतं. हे दोन्ही स्वयंपाक्यांना एकमेकांना न विचारता कळलं.

दुसरी खोटी समजूत अशी की जुने राजे सगळे एकाच पद्धतीचं खायचे. कुणाला ते सगळे शुद्ध शाकाहारी हवे असतात, कुणाला रोज शिकार मारून आणणारे. सोमेश्वराच्या एकाच प्रकरणात दूध-तुपाचे गोड पदार्थही आहेत आणि डुक्कर-उंदीरही आहेत. त्याच्या राज्यात जैन वस्त्या होत्या, मांसाला हात न लावणारी माणसं होती. त्याने कुणाचं ताट लपवलं नाही.

स्वयंपाकघर सोडून तो बाहेर पडला तरी कान उघडे ठेवूनच. गाण्याच्या प्रकरणात त्याने वेगवेगळ्या देशभाषांतली पदं दिली आहेत, आणि त्यात मराठीचं अगदी जुनं रूप सापडतं. महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी म्हणतात, ही नोंदही त्याचीच. ज्ञानेश्वरी लिहिली जायला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं बाकी होती. ज्याला कांडणाऱ्या बायकांचं गाणं ऐकू येतं, त्याला चुलीपुढच्या माणसाचं काम दिसतं यात नवल नाही.

राजाने बापावरही एक गद्य चरित्र लिहायला घेतलं होतं, 'विक्रमांकाभ्युदय'. त्याचा काही भागच आज हाती आहे.

११३८ साली सोमेश्वर गेला. राज्य केलं ते साधारण बारा वर्षं. पुढे घसरण वेगाने झाली. वीसेक वर्षांत कलचुरी बिज्जळ या मांडलिकानेच कल्याणी गिळली. त्याच बिज्जळाच्या काळात बसवेश्वर कल्याणीत आले आणि शरणांची चळवळ उभी राहिली. म्हणजे ज्या गावाच्या राजवाड्यात डुकराच्या कातडीवर श्लोक रचले गेले, तेच गाव एका पिढीत मांसाहार न करणाऱ्या शरणांचं झालं. आज गावाच्या नावात बसवण्णा आहेत. सोमेश्वराचं नाव तिथे फारसं कुणी घेत नाही. चालुक्यांचा उरलेला मुलूख ११८९ च्या सुमारास संपला. उत्तरेचा भाग देवगिरीच्या यादवांनी घेतला, दक्षिणेचा होयसळांनी.

'मानसोल्लास' मात्र पोथ्यांमधून नकलून फिरत राहिला. विसाव्या शतकात सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात जुन्या संस्कृत पोथ्या छापायचं मोठं काम सुरू झालं. गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित करायला घेतला. पहिला खंड १९२५ साली आला. त्यात राज्य कसं मिळवायचं आणि कसं टिकवायचं, म्हणजे जे सोमेश्वराला स्वतःला फारसं जमलं नाही ते आहे. अन्नभोग दुसऱ्या खंडात गेला आणि तो खंड निघायला १९३९ साल उजाडलं. पांढरं कापड, कढत पाणी, गवताचा जाळ आणि हिंगाची धुरी ८१० वर्षांनी छापून आली.